एका शब्दाची गोधडी

कलागोधडी, म्हणजेच आर्ट क्विल्ट, अंगावर घेण्यासाठी नसते; ती भिंतीवर टांगण्यासाठी असते. तिची बांधणी मात्र घरातल्या गोधडीचीच: वर दिसणारा थर, मध्ये भराव, खाली अस्तर आणि तिन्हींना एकत्र धरून ठेवणारा धावदोरा. लहान कलागोधडी साधारण फूटभर लांब आणि तेवढीच रुंद असते. एवढ्या जागेत गोष्ट सांगता येत नाही, देखावाही मावत नाही. एखादी कल्पना नेमकी मांडता येते. म्हणून अशा गोधडीसाठी एकच शब्द विषय म्हणून घेण्याची पद्धत पडली आहे. ‘पाणी’, ‘घर’, ‘वाट’, ‘वारा’ असा एखादा शब्द ठरवायचा आणि तो कुठेही न लिहिता कापड, रंग आणि टाके यांतून पोहोचवायचा.

या कलेला लागणारे कसब महाराष्ट्रात नवे नाही. गोधडी, वाकळ, बाळाचे दुपटे या नावांनी ते घराघरांत आहे. खानदेशात धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरसारख्या गावांच्या परिसरात, इतर ग्रामीण महाराष्ट्राप्रमाणेच, शेतीची कामे थोडी सैल झाली की उन्हाळ्यात गोधड्या शिवायला काढतात. जुनी लुगडी, पातळे आणि धोतरे, म्हणजे जुनेर, एकावर एक अंथरायचे, वर बऱ्या कापडाचे तुकडे मांडायचे आणि कडेपासून आत येत धावदोरा घालायचा, ही तिची रीत. तीत रंगांची निवड असते, काठांचा उपयोग असतो, तुकड्यांचा तोल सांभाळलेला असतो. फरक एवढाच की घरची गोधडी ऊब देण्यासाठी बनते आणि तिचे रूप हाती आलेल्या जुनेरावर ठरते. कलागोधडीत आधी विचार ठरतो आणि त्याला साजेसे कापड शोधले जाते.

भारतात या घराण्यातल्या इतर परंपराही आहेत. बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्याने चित्रे भरलेला कांथा असतो. त्यासाठीचा रंगीत दोरा पूर्वी साडीच्या काठातून उसवून काढत. बिहारमध्ये सुजनी आहे. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर आणि हल्याळच्या परिसरात, सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंडी’ शिवतात. कवंडीचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. अस्तरावर एका कोपऱ्यापासून तुकडे ठेवत, कडेने शिवत शिवत मध्यापर्यंत यायचे, असे ते काम आहे. शेवटी चारही कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावल्याशिवाय कवंडी पूर्ण मानली जात नाही.

गोधडीकडे चित्र म्हणून पाहण्याची सवय जगात अलीकडची आहे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने १९७१ साली जुन्या अमेरिकन गोधड्या भिंतीवर टांगून त्यांचे प्रदर्शन भरवले आणि त्यांतली रंगरचना आधुनिक चित्रांच्या तोडीची असल्याचे लोकांना प्रथमच जाणवले. १९७९ मध्ये ओहायो राज्यातील अथेन्स या गावी केवळ कलागोधड्यांचे ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झाले. १९८९ मध्ये कलागोधडी करणाऱ्यांची ‘स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स’ ही संस्था स्थापन झाली. एका शब्दावरची लहान गोधडी अनेकांपर्यंत पोहोचवणारा उपक्रम २००७ मध्ये सुरू झाला. वेगवेगळ्या देशांतल्या बारा जणींनी प्रत्येकी बारा इंच लांब-रुंद गोधडी करायची, दर खेपेला सर्वांचा विषय एकच, असे त्याचे स्वरूप होते. पाणी, निवारा, गणित असे विषय त्यात होते. शब्द तोच, आकार तोच, तरी बारा गोधड्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या झाल्या.

शब्द निवडणे आणि अरुंद करणे

पहिला टप्पा सुईचा नाही, कागदाचा आहे. शब्द मधोमध लिहून त्याभोवती त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी लिहीत जायचे: वस्तू, जागा, रंग, आवाज, हालचाली, सण, माणसांची कामे. पहिल्या पाच-सहा नोंदी सगळ्यांनाच सुचणाऱ्या असतात. ‘पाणी’ म्हटले की लाट, थेंब, घागर आणि निळा रंग येणारच. ‘घर’ म्हटले की उतरते छप्पर आणि दार. या नोंदी बाजूला ठेवून पुढे लिहीत राहिले की आपल्या परिसराच्या गोष्टी येऊ लागतात. निवड या दुसऱ्या गटातून करावी.

निवडलेली गोष्ट डोळ्यांना दिसणारी हवी. ‘माया’, ‘काळजी’, ‘वाट पाहणे’ यांना स्वतःचे रूप नाही, म्हणून त्यांना एखाद्या दिसणाऱ्या वस्तूचा आधार द्यावा लागतो. जळगावजवळच्या असोदा गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी ‘मन’ या कवितेत हेच केले. हाताला न लागणाऱ्या मनाला त्यांनी शेतात घुसणाऱ्या ओढाळ गुराचे रूप दिले आणि खानदेशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ते लगेच दिसले. कलागोधडी करणाऱ्यालाही तेच करावे लागते: अमूर्त शब्द रोजच्या पाहण्यातल्या एका वस्तूवर आणून ठेवायचा.

तिसरी कसोटी जागेची. फूटभर चौरसात एक मुख्य आकार आणि त्याला आधार देणारे दोन-तीन आकार, एवढेच मावते. नदी, डोंगर, झाड, बैलगाडी आणि सूर्य हे सगळे एकत्र आले की शब्द हरवतो आणि दिनदर्शिकेवरचे चित्र उरते.

‘पाणी’ पिंपळनेरच्या नजरेने

‘पाणी’ हा शब्द पिंपळनेरला कसा अरुंद होईल हे पाहण्यासारखे आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतून येणारी पांझरा नदी पिंपळनेरवरून पूर्वेकडे जाते, धुळे शहर ओलांडते आणि पुढे मुडावदजवळ तापीला मिळते. गावाजवळ या नदीवर लाटीपाडा धरण आहे. पण ज्या गोष्टीमुळे पांझरेचे नाव सिंचनाच्या अभ्यासात घेतले जाते, ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. ती म्हणजे फड पद्धत.

पांझरा, मोसम, आराम या नद्यांच्या खोऱ्यांत ही पद्धत ३०० वर्षांहून अधिक काळ चालत आली. नदीत दगडी बंधारा घालून पाणी अडवायचे, ते काठाच्या उंच बाजूने काढलेल्या पाटात वळवायचे आणि उताराच्या जोरावर शेतांपर्यंत न्यायचे. पाट आणि नदी यांच्यामधली भिजणारी जमीन सहसा तीन-चार भागांत वाटलेली असते. त्या प्रत्येक भागाला फड म्हणतात. एका फडात त्या हंगामात एकच पीक. ऊस असेल तर सगळा फड उसाचा, गहू असेल तर सगळा गव्हाचा. पुढच्या वर्षी पिकांची पाळी बदलते. शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्याने पाणी मिळाले तरी सर्वांना आणि तुटले तरी सर्वांना. पाणी सोडण्याचे काम पाटकरी करतो, पिकाची राखण जागल्या करतो आणि ज्या वर्षी नदीला पाणी कमी असते त्या वर्षी सगळे फड न भिजवता काहीच भिजवायचे, असे गावच ठरवते.

आता ‘पाणी’ या शब्दाला नेमका अर्थ मिळाला: वाटून घेतलेले पाणी. त्याचे दृश्य रूपही तयार आहे, कारण वरून पाहिल्यास फड म्हणजे एकरंगी तुकड्यांची मांडणीच असते. एका कडेला वळणाची नदी, तिच्यावर आडवा बंधारा, तिथून निघालेली पाटाची बारीक रेघ आणि रेघेखाली चार मोठे तुकडे. एक हिरवा, एक गव्हाळ, एक गडद हिरवा आणि एक नांगरून ठेवलेल्या काळ्या जमिनीचा. लाटा आणि थेंब काढावे लागत नाहीत. कमी पाण्याच्या वर्षाची गोधडी करायची असेल तर मांडणी तीच ठेवून चारांपैकी एकच तुकडा हिरवा करायचा. अर्थ आपोआप बदलतो.

आराखडा

कल्पना ठरल्यावर आगपेटीएवढ्या चौकटी कागदावर आखून त्यांत सहा-सात झटपट रेखाटने करावीत. नदी वर की खाली, पाट आडवा की तिरपा, मोठा फड डावीकडे की उजवीकडे, हे इथेच ठरते. मुख्य आकार अगदी मध्यावर ठेवला तर रचना थिजते. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून त्यांच्या रेघा जिथे छेदतात त्या ठिकाणाजवळ मुख्य आकार ठेवण्याचा चित्रकारांचा नेम इथे उपयोगी पडतो. पाण्याच्या गोधडीत तिथे बंधारा येईल, कारण पाणी वाटले जाते ते तिथून.

निवडलेले रेखाटन मग प्रत्यक्ष मापाच्या कागदावर मोठे करावे आणि प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा. या कागदाची एक प्रत अखंड ठेवायची आणि दुसरी कापून तिचे साचे करायचे. तुकडे जोडून शिवायचे असतील तर प्रत्येक साच्याच्या चारही बाजूंना पाव इंच शिवणीसाठी वाढवावे लागतात. तीन इंचांचा चौकोन दिसायला हवा असेल तर कापड साडेतीन इंच कापावे लागते.

रंग आणि कापड

रंगांबाबत पहिला प्रश्न कोणता रंग घ्यायचा हा नसून किती गडद आणि किती फिकट हा आहे. लांबून पाहताना डोळ्याला आधी गडद-फिकटाचा फरक कळतो, रंग नंतर. हिरवा आणि तांबडा एकाच गडदपणाचे असतील तर दुरून दोन्ही एकच दिसतात. तुकडे मांडून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घेतले की हा दोष लगेच सापडतो. मोबाइल नसेल तर डोळे बारीक करून पाहिले तरी चालते.

दुसरा नियम काटकसरीचा. ज्या रंगावर शब्दाचा भार आहे तो सर्वांत कमी जागेत वापरावा. पाण्याच्या गोधडीत सगळीकडे निळे पसरले तर पाण्याची किंमत उरत नाही. काळी माती, गव्हाळ, राखाडी आणि हिरव्याच्या मध्ये पाटाची एकच निळी पट्टी असेल तर नजर तिच्यावरच जाते. उन्हाळ्यात आटलेली नदी फिकट वाळूच्या रंगाची ठेवली तर पाट आणखी उठून दिसेल.

कापड सुती असावे. सुती कापडाला इस्त्रीने घडी बसते, सुई सहज जाते आणि टाका रुतल्यावर पृष्ठभागाला उठाव येतो. कृत्रिम धाग्याचे कापड घसरते आणि जास्त तापलेल्या इस्त्रीने वितळते. जुनेर वापरायचे असल्यास ते उजेडासमोर धरून पाहावे आणि विरलेला भाग सोडून द्यावा. लुगड्याच्या काठाची पट्टी पाटासाठी किंवा बंधाऱ्यासाठी तयार मिळते. धोतराचे मऊ कापड अस्तराला चांगले. जाडसर मांजरपाट खडबडीत दगडी पोतासाठी योग्य. नवे कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे पुढे आटणार नाही. लाल, काळ्या आणि गडद निळ्या कापडावर पांढरे ओले फडके घासून रंग सुटतो का ते पाहावे.

कापडाचा स्वतःचा इतिहास शब्दाला बळ देतो. ‘माहेर’ या शब्दासाठी आईच्या लुगड्याचा तुकडा आणि ‘आखाजी’साठी झोक्याची दोरी होऊ शकेल असा काठ वापरला तर विषय कापडातच उतरतो. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि गौराईची गाणी होतात. म्हणून ‘माहेर’ हा शब्द इथे एका तिरप्या ताणलेल्या झोक्यावरही पेलता येतो; घर, आई आणि अंगण वेगळे दाखवायची गरज राहत नाही. दुसऱ्या प्रदेशाची ओळख असलेली चिन्हे मात्र जपून वापरावीत. वारली चित्रांतल्या माणसांच्या आकृती आता सगळीकडे छापल्या जातात, पण त्या पालघर-ठाण्याच्या आहेत. साक्री-पिंपळनेरच्या गोधडीत त्या आल्या तर शब्द कुणाचा हेच कळेनासे होते.

थर आणि टाके

वरचा थर दोन रीतींनी बनतो. सरळ रेघांचे आकार असतील तर तुकडे एकमेकांना जोडून शिवतात. वळणाचे आकार असतील तर अखंड कापडावर दुसरा तुकडा ठेवून, त्याच्या कडा आत दुमडून, बारीक टाक्यांनी पक्का करतात. फडांसाठी पहिली रीत आणि नदीसाठी दुसरी, असा मेळ घालता येतो.

टाके पडले की कापड आवळले जाते, म्हणून सुरुवातीलाच माप वाढवून घ्यावे. बारा इंचांच्या गोधडीसाठी वरचा थर चौदा इंच आणि भराव व अस्तर सोळा इंच ठेवावे. भराव म्हणून पातळ सुती वाडिंग किंवा जुन्या धोतराचे दोन-तीन थर पुरतात. कापूस पिंजून घातला तर तो सरकू नये म्हणून टाके जवळजवळ घालावे लागतात. अस्तर ताणून जमिनीवर पसरावे, वर भराव आणि त्यावर वरचा थर ठेवावा आणि तिन्ही थर लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत. ही टाचणी मध्यापासून बाहेर गेली तर सुरकुती कडेला निघून जाते. पक्के टाके मध्यापासून बाहेर घालावेत की घरच्या गोधडीप्रमाणे कडेपासून आत, हे सवयीवर आहे. कडेपासून आत येताना मात्र कापड मध्ये गोळा होऊ नये म्हणून प्रत्येक फेरीला हाताने सपाट करावे लागते.

टाका हा गोधडीचा शेवटचा आणि सर्वांत मोलाचा रंग आहे. थर धरून ठेवणे हे त्याचे पहिले काम. रेघ काढणे हे दुसरे. पाण्याच्या गोधडीत नांगरलेल्या फडात समांतर सरळ ओळी घातल्या की सऱ्या दिसतात. उसाच्या फडात टाके उभे आणि दाट, कोरड्या नदीत लांब आणि विरळ, पाटावर दोन रेघा अगदी लगत. जिथे टाके दाट तिथे कापड दबते, जिथे विरळ तिथे फुगते. त्यामुळे ज्या भागाला उठाव हवा तो मोकळा सोडून आजूबाजूला दाट शिवावे. दोरा कापडाच्या रंगाचा असेल तर फक्त पोत दिसतो, विरुद्ध रंगाचा असेल तर रेघ दिसते. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे दोन-तीन पदर या कामाला पुरतात. हातच्या टाक्यांची लांबी एकसारखी नसली तरी बिघडत नाही. ताण एकसारखा हवा.

कडा, टांगणी आणि निगा

टाके पूर्ण झाल्यावर गोधडी पालथी घालून हलकी इस्त्री करावी आणि काटकोन धरून बारा इंचांवर कापावी. कडेला मगजी लावायची असल्यास दीड इंच रुंदीची पट्टी घ्यावी. चार कडांचे मिळून अठ्ठेचाळीस इंच होतात. कोपरे आणि शेवटचा जोड धरून पट्टी साठ इंच ठेवणे सोयीचे. गडद मगजी चित्राला चौकट देते. फडांची शेते चौकटीबाहेरही चालू आहेत असे वाटायला हवे असेल तर मगजी न लावता कडेची पट्टी संपूर्ण मागे वळवून शिवावी.

टांगण्यासाठी पाठीमागे वरच्या कडेखाली कापडाची रुंद नळी शिवून तीत पातळ लाकडी पट्टी घालतात. त्यामुळे वजन सर्व रुंदीवर सारखे पडते आणि कोपरे लोंबत नाहीत. थेट उन्हासमोर टांगू नये. सुती कापडाचे रंग उन्हाने उडतात. धूळ झटकून काढावी, धुण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. ठेवायची झाल्यास घडी न घालता जुन्या स्वच्छ कापडासह गुंडाळून ठेवावी.

काम झाले की परीक्षा सोपी आहे. शब्द न सांगता गोधडी दुसऱ्याला दाखवावी आणि काय दिसले ते विचारावे. नेमका तोच शब्द ऐकायला मिळेल असे नाही, पण उत्तर त्याच्या आसपास असायला हवे. ‘शेते’, ‘पाट’, ‘वाटणी’ अशी उत्तरे आली तर ‘पाणी’ पोहोचले. ‘छान रंग आहेत’ एवढेच ऐकू आले तर शब्द अजून पुरता अरुंद झालेला नाही. बचत गटात किंवा शाळेत पाच-सहा जणांनी एकच शब्द आणि एकच माप घेऊन गोधड्या केल्या तर ही परीक्षा आणखी रंगते, कारण तोच शब्द प्रत्येकाने कुठून पाहिला हे शेजारी टांगल्यावर कळते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. महाराष्ट्रातल्या घरांत शेकडो वर्षे गोधड्या शिवल्या गेल्या, पण त्या शिवणाऱ्या बहुतेक बायकांचे नाव त्यांच्यावर नाही. लहान असो वा मोठी, प्रत्येक कलागोधडीच्या पाठीवर कापडी पट्टी लावून तिच्यावर करणारीचे नाव, गाव, वर्ष आणि तो एक शब्द न पुसणाऱ्या शाईने लिहावा किंवा दोऱ्याने भरावा.